मोठी गाडी

हृदय अडखळल्याचं मनगटावरच्या पट्टीने परस्पर कळवलं आणि राजोपाध्यांच्या दारात विनाचालक दुचाकी रुग्णवाहिका हजर झाली.

“शेजारच्या खरोट्याला साधा गॅस झाला, तर उडती गाडी आली!” राजोपाध्ये छाती दाबत म्हणाले. “आणि मी या फटफटीवर?”

“अहो, बसा ना! जिवाशी खेळ नको,” बायको रडकुंडीला आली.

“गर्दीतून मीच लवकर पोहोचेन,” दुचाकी म्हणाली.

“तू गप्प बस!”

गॅलरीतून खरोटे ओरडले, “हेल्मेट घाला हो!”

झालं. राजोपाध्ये खुर्चीत ठाण मांडून बसले. “मोठी गाडी आल्याशिवाय हलणार नाही.”

हललेच नाहीत. थोड्या वेळाने पट्टीने पुन्हा कळवलं आणि मोठी गाडी आली. लांबलचक, काचेची, बिनभोंग्याची.

खरोटे बघत राहिले. अशी गाडी त्यांच्याकडे अजून आली नव्हती.