पातळी पाच

सविताने तिसरा घास घेतला, तरी तिच्या डोळ्यांत टिपूसभर पाणी नाही. समोर बसलेल्या पायलच्या नाकातून मात्र नुसत्या वासानेच धार लागली होती.

“आई, ही तिखटाची पातळी पाच आहे. कॉलेजची पोरं इथे दोनवरच रडतात.”

“छान आहे,” सविता म्हणाली आणि चौथा घास घेतला. एका चालीने, मान खाली घालून, औषध घ्यावं तशी ती नूडल्स खात होती.

कॉलेज रोडवरचा कोरियन ‘किमबाप कट्टा’ दुपारी अर्धा रिकामा होता. भिंतीवर गुलाबी दिवे, टेबलावर स्टीलच्या चपट्या चॉपस्टिक्स आणि मेनूत रामेन मिसळीपासून किमची थालीपिठापर्यंत सगळं. सविताने चॉपस्टिक्सना हातही लावला नव्हता, काटा मागून घेतला होता. पायल तर दारातून आत आल्यापासून हवेतच होती. नववीतल्या मुलीने स्वतःच्या आईला नोकरी लावून द्यायची, ही काय साधी गोष्ट आहे? हे हॉटेल तिच्या वर्गातल्या वेदिकाच्या मावशीचं. वेदिका रोज मधल्या सुट्टीत पायलचा डबा फस्त करायची. गेल्या आठवड्यात तिने त्यातलं भरलं वांगं मावशीला नेऊन दिलं आणि मावशीने विचारलं, हे करतं कोण? बाकीचं सगळं पायलने जुळवून आणलं. आता फक्त आईने हो म्हणायचं बाकी होतं.

हो म्हटलं की पहाटे साडेतीनचा गजर बंद. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सकाळच्या पाळीला जाणाऱ्या तीस माणसांचे डबे बंद. इथे अकरा ते सहा काम आणि सोमवारी सुट्टी. सात वर्षांत सविता पोटभर झोपली नव्हती. आत्ता येतानाही ती बसच्या दांडीला डोकं टेकून झोपली. पायलने हलवलं नसतं तर थेट शेवटच्या थांब्यावर, निमाणीला जाऊन उतरली असती.

“मग मॅडमना काय सांगणार?”

“बघू.”

“बघू काय, आई? तुझ्या हाताला चव आहे म्हणून त्यांनी स्वतः बोलावलंय. कुणाला बोलावतात असं?”

शेजारच्या वाटीतली एक पिवळी चकती उचलून सविताने तोंडात टाकली. “अननस गोड आहे,” ती म्हणाली.

पायल एवढ्या जोरात हसली की पलीकडच्या टेबलावरच्या बायकांनी वळून पाहिलं. “अगं, मुळा आहे तो. व्हिनेगरमधला. आंबटढाण.”

“हो का?” सविताने वाटी हळूच बाजूला सरकवली. “झोप झाली नाही ना.”

“तेच तर म्हणतेय मी. आणि काळजी करू नकोस, शनिवारी मी येईन मदतीला. मीठ बघायला तुला माझ्याशिवाय कोण आहे?”

ते खरंच होतं. पहाटे भाज्या झाल्या की सविता तिला हलवून उठवायची आणि पळीतला रस्सा तिच्या तळहातावर घालायची. पायल डोळे न उघडताच सांगायची, मीठ कमी आहे, लसूण कच्चा लागतोय, चिंच घाल थोडी. मग कूस बदलून परत झोपायची. आई आपल्याला स्वयंपाक शिकवतेय, हे तिला कळत होतं. पण पहाटे पाच वाजता कोण शिकवतं?

तेवढ्यात वेदिकाच्या मावशी, रोशनी मॅडम, दोन वाट्या घेऊन आल्या. दोन्हींत सारखाच लालभडक सॉस होता.

“पातळी पाच संपवलीत, सविताताई? मलासुद्धा जमत नाही हो.” त्या खुर्ची ओढून बसल्या. “आता एवढंच बघा. सॉस एकच आहे, पण एका वाटीत काहीतरी बिघडलंय. कुठल्या आणि काय, ते सांगा. नव्या माणसाला मी दुसरं काही विचारत नाही. तुम्हाला विचारायचीही गरज नव्हती खरं तर. त्या वांग्याची चव अजून जिभेवर आहे माझ्या.”

सविताने बोटाने डावीकडचा सॉस चाटला. मग उजवीकडचा. मग पुन्हा डावीकडचा. रोशनी मॅडम हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या.

पायलला काही कळेना. डावीकडच्या वाटीतलं तिळाचं तेल जळलंय, हे तिला बसल्या जागी वासावरूनच समजलं होतं. एवढं सोपं, आणि आई गप्प? तिने टेबलाखालून आईच्या पायाला पाय लावला. आईने वर पाहिलं. पायलने डोळे डाव्या वाटीकडे नेले आणि नाक मुरडलं. मग पुन्हा एकदा, नीट दिसेल असं.

सविताला ते दिसलं. एक शब्द म्हटला की काम झालं असतं. तिने कागदी रुमालाने बोट पुसलं, सावकाश, नखाच्या कडेपर्यंत. मग दोन्ही वाट्या मॅडमच्या पुढे सरकवल्या.

“डावीकडच्यात काहीतरी जळलंय, असं माझी मुलगी मला डोळ्यांनी सांगतेय. बरोबरच असणार ते,” ती म्हणाली. “दिवाळीत ताप आला, तेव्हापासून मला तिखट कळत नाही, मीठ कळत नाही, काहीच कळत नाही, मॅडम. वांगं मी नुसतं शिजवलं होतं. तुमच्या जिभेवर आहे ती चव हिची.”