रिंगेवरचा चिकटा

भरतकामाच्या मशीनची रिंग स्प्रेच्या गोंदाने इतकी चिकटली होती की तिच्यात कापड धड बसेना. सुनेने साबण लावला, गरम पाणी ओतलं, नखं झिजवली, पण चिकटा ढिम्म हलेना. गिऱ्हाईक तर संध्याकाळी दारात उभं राहणार!

उतारवयातही काळ्याभोर केसांचा कोंबडा मिरवणाऱ्या सासरेबुवांना तिची धडपड बघवेना. त्यांनी आपल्या कपाटातून एक छोटी बाटली आणून दिली. "दोन थेंब टाक आणि पूस. पण तुझ्या सासूला यातलं काही कळता कामा नये."

रिंग लख्ख झाली. "बाबा, गोंद काढायचं औषध तुमच्या कपाटात कशाला?"

सासरेबुवांनी कोंबडा दोन्ही हातांनी नीट बसवला आणि ते बाहेर सटकले. सुनेला हसू आवरेना.

तेवढ्यात सासूबाई आल्या. बाटली बघून म्हणाल्या, "सगळी नको गं संपवूस. परवाच भरून ठेवलीय मी."

"म्हणजे आई, तुम्हाला माहितीये?"

"तर! इतकी वर्षं ही बाटली संपत कशी नाही, हा प्रश्न त्या विगखालच्या डोक्याला अजून पडलेला नाही."