डावीकडची चटणी

लकव्यातून उठलेल्या प्रत्येकाची नजर आता सरकारी दवाखान्याच्या आशाताई दर महिन्याला घरी येऊन तपासायच्या. या घरी आज पहिल्यांदाच आलेल्या आशाताई नसीमानं, जेवायला बसलेल्या हिंदुरावांच्या कपाळाला पट्टी लावली. त्यांच्या मेंदूला जेवढं दिसेल तेवढंच तिच्या हातातल्या पडद्यावर उमटणार होतं.

"लवकर आटप, पोरी. आजपासून शाळेची गाडी परत माझ्याकडं आहे," ते म्हणाले. गाडीची किल्ली त्यांनी ताटाच्या उजवीकडं ठेवली होती.

सुवर्णा घुश्शातच वाढत होती. दुखण्यातून उठल्यापासून नवऱ्यानं तिच्या चटणी-कोशिंबिरीला बोट लावलं नव्हतं. तीही हट्टानं दोन्ही रोज ताटात डावीकडं वाढायची आणि जेवण झालं की मुकाट्यानं उचलायची. का खात नाही, हे विचारायला मात्र तिचा मान आडवा येत होता.

"काकी, हे बघा," नसीमा हळूच म्हणाली.

पडद्यावर भाजी होती, आमटीची वाटी होती, किल्ली होती. पण ताट मधेच संपलं होतं.

"मला सगळं लख्ख दिसतंय," हिंदुराव म्हणाले.

सुवर्णा पडद्याकडं वाकली. तिनं ताट अलगद अर्धं फिरवलं.

हिंदुराव घास घेता घेता थांबले. "आज चटणी केलीस होय? किती महिन्यांनी."

बाहेर रस्त्यावर पोरं दप्तरं घेऊन गाडीची वाट बघत होती. सुवर्णानं किल्ली उचलली आणि हिंदुरावांच्या डाव्या गुडघ्यापाशी ठेवली.

जेवण उरकून हिंदुराव उजवीकडं चाचपडू लागले. "इथंच तर ठेवली होती की."