शेवटच्या चौकटीतला बादशहा

“सर, यात बादशहा कुठंय?”

धम्मप्रियानं एकदाचं विचारून टाकलं. होस्टेलच्या पोरींनी पैजच लावली होती, “सरांच्या केबिनमध्ये जाऊन हेवढं विचारून दाखव, मग तुला मानलं.” आता त्या सगळ्या दाराला कान लावून उभ्या असणार. एवढ्या कानांची निराशा कशी करायची?

गुरुलिंग सर तिच्या आईवडिलांकडं बघून हसले. लातुरात त्यांच्या क्लासचं नाव मोठं, केबिन त्याहून मोठी. भिंतीवरची ही लढायांची चित्रं त्यांनी चीनच्या सहलीतून आणली होती. तिथल्या कुण्या जुन्या बादशहानं आपल्या साऱ्या स्वाऱ्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतल्या होत्या, त्यांचे छाप. डोंगर, तंबू, उधळलेले घोडे आणि मुंग्यांएवढी माणसंच माणसं. समोरच्या भिंतीवर तसल्याच काळ्या चौकटींत दरवर्षीची मेरिटची पोरं, मधोमध खुर्चीत हार घातलेले सर. यंदाची चौकटसुद्धा आधीच टांगून ठेवलेली. रिकामी.

“हा काय.” सरांनी शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं. मंडपात उंचावर बसलेला एक माणूस, पुढं गुडघे टेकलेले कैदी.

“आणि लढाईत?”

“बादशहा लढाईला जात नसतो, बेटा. बादशहा जिंकत असतो.”

दारापलीकडं कुणीतरी फिसकन हसलं. सरांचं हसू तेवढ्यानं गेलं.

“तर श्रीमंतराव,” ते खुर्चीत बसत म्हणाले, “पोरगी टेस्टमध्ये पहिली आली. उद्यापासून स्पेशल बॅच. फी माफ, होस्टेल फुकट. चौकातल्या जाहिरातीच्या बोर्डावर मधोमध फोटो. पेपरवाल्यांना तर मी आत्ताच मथळा देऊन ठेवलाय, ‘भूकंपाच्या ढिगाऱ्यातून मेरिटच्या शिखरावर’!”

तिचा बाप श्रीमंत उदगीर डेपोचा कंडक्टर. खाकी कपड्यांतच आला होता, तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकला होता. “लई उपकार झाले, सर.”

“आणि मनतशा?” धम्मप्रिया म्हणाली.

“कोण मनतशा?”

“माझ्या खोलीतली. उदगीरचीच. मला बायोलॉजी तीच शिकवती.”

“हां, ती. तिचं नाव कमी केलंय. रविवारी जाईल घरी.”

“सर, तिला कावीळ झाली होती. म्हणून टेस्ट बुडाल्या. परीक्षा दोन महिन्यांवर आली, आता कुठं जाईल ती?”

“माझा निकाल शंभर टक्के लागतो. कावीळ धरून नाही लागत.”

धम्मप्रियानं परत त्या चित्रांकडं बघितलं. टापांखाली आडवी पडलेली सगळी माणसं शत्रूची. बादशहाच्या बाजूचा एकही पडलेला दिसंना. एवढी घनघोर लढाई, आणि ह्याचं कुणी मेलंच नाही म्हणे!

“मनतशाला ठेवा सर. मग मी फोटोला बसते.”

“अट घालतीस मला?” सर उठलेच. “बघा श्रीमंतराव, बघा! शेण्या थापत बसली असती गावात. तुमच्यासारख्यांच्या पोरींना कोण उभं करतंय हो दारात?”

पेटीच्या पट्ट्यावरून फिरणारा श्रीमंतचा अंगठा थांबला. धम्मप्रियाची माय पारूबाई पुढं सरकली. तिनं डोईवरचा पदर नीट केला.

“सर, ढिगाऱ्यातून हिला तुम्ही काढलं का?”

“काय?”

“न्हाई, पेपरात छापायलात म्हनून इचारलं. भूकंपात ही तान्ही होती, आमी हातानं दगडं उपसत होताव. तुमी कुठं दिसला न्हाईत.”

सरांनी दाराकडं बोट केलं.

“न्या मग तुमचं रत्न!” सरांचा आवाज चिरकला. “ह्या चौकटीत बसायला रांग लागलीय बाहेर. पाया पडत परत याल, तेव्हा वॉचमन गेट उघडणार नाही. सांगून ठेवतो.”

श्रीमंतनं पट्टा खांद्यावर चढवला. पोरीकडं बघितलं. आवाज खाली घेऊन म्हणाला, “प्रिया, साडेचारची गाडी माझी हाय. काय ते तूच सांग.”

तिनं रिकाम्या चौकटीकडं एकदा बघितलं. मग दाराबाहेर ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली,

“बाबा, माय, अभ्यास आम्ही घरी करताव. उदगीरची दोन तिकिटं फाडा. एक माझं, एक मनतशाचं.”