गोड न करणारा स्पीकर

"हा घ्या ताई. उचलायला हलका, बॅटरी दिवसभर चालते, आणि आवाज एकदम गोड," दुकानदार तांबोळी म्हणाले.

शाहीर अनसूया घोलपने माइक हातात घेतला आणि धरणात बुडालेल्या आपल्या गावाचा पोवाडा सुरू केला. 'आमची जमीन कुणी गिळली' ही ओळ तिने गळ्याच्या शिरा ताणून म्हटली. स्पीकरमधून मात्र अंगाईसारखं काहीतरी मऊ बाहेर पडलं. तांबोळी डोळे मिटून डोलू लागले.

"वा! आता सगळे नवे स्पीकर आवाजातला संताप आपोआप काढून टाकतात. ऐकणाऱ्याला त्रास नको."

"मागच्या मोर्चात असलाच होता," अनसूया म्हणाली. "आम्ही घसा फोडून जमिनीचा जाब विचारत होतो, आणि कचेरीतले साहेब गॅलरीत उभे राहून टाळ्यांनी ठेका धरत होते. वर म्हणाले, छान बसवलंय, पुन्हा या."

तांबोळींनी दुरुस्तीच्या फळीवरून पोचे आलेला एक जुना, खोक्यासारखा स्पीकर उतरवला.

"यात ती सोय नाही. जडही आहे."

अनसूयाने तीच ओळ पुन्हा म्हटली. शोकेसच्या काचा थरथरल्या. तांबोळींनी पटकन कानांवर हात ठेवले. मग ते हळूहळू खाली घेतले.

"ताई, तुमचं गाव... सगळंच गेलं?"

"हाच द्या," अनसूया म्हणाली.