लाइन खराब आहे

सासरी गेलेल्या पोरीचा आवाज कानावर पडावा म्हणून शालिग्रामनं वर्षानुवर्षं वाट बघून लिंबायतच्या खोलीत फोन घेतला. अमळनेरहून गायत्रीचा पहिला फोन आला. उषाबाई बोलली आणि तिनं रिसीव्हर नवऱ्याकडे दिला. तो नुसता "हां, हां" करत राहिला. मग फोन ठेवून म्हणाला, "लाइनच खराब आहे."

उषाबाईला तर पोरीनं नाक ओढलेलंसुद्धा ऐकू आलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याची सगळी उमर पावरलूमच्या खडखडाटात गेलेली. तिथं कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात.

तिनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "चहा टाकू?"



"टाक," तो म्हणाला. "होईल उद्या लाइन नीट."