सहापट

रामवाडीतल्या घरात अनयने दोन संगणक समोरासमोर मांडले होते. बुद्धिबळाचा प्रोग्राम दोन्हींवर तोच, फक्त नव्याचा वेग जुन्याच्या सहापट. मध्ये लाकडी पट. नव्या संगणकाने सुचवलेल्या चाली अनय करायचा, जुन्याच्या बाळकाका. सकाळपासून काकांच्या वाट्याला नुसती हार येत होती.

"काका, परत हरवलं की नाही तुम्हाला!" अनयने कॉलर ताठ केली.

"तू हरवलंस?" काका तुच्छतेने म्हणाले. "अरे, आपण दोघे हमाल. सोंगट्या वाहणारे. हमालाने कसली मिजास करायची?"

पुढचा डाव संपत आला आणि लाईट गेली. दोन्ही पडदे काळे झाले. चाल अनयची होती. त्याने डोकं खाजवलं, घोड्याला हात लावला, मागे घेतला. मग हत्तीकडे नेला, तोही मागे घेतला.

"थांबू या, काका. लाईट आल्याशिवाय कोण वरचढ आहे ते कसं कळणार?"

काकांनी अनयचाच वजीर उचलला आणि स्वतःच्या राजापुढे नेऊन ठेवला.

"ही बघ, मात. जिंकलास हो! ऊठ, आता चहा टाक. तो तरी येतो ना?"